घड्याळाला काय माहीत तुमच्या तोंडात कुठला रेग्युलेटर आहे

गेल्या अंकात टेक्निकल डायव्हिंगवर चार ओळी लिहिल्या काय आणि पत्रांचा ढीगच लागला, त्यातली निम्मी 'मालवणला स्कुबा कितीला पडतं' अशीच आहेत, त्यांचं उत्तर मालवणच्या जेटीवर मिळेल. बाकीच्यांतली चार इथं घेतोय. विषय नवीन असेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की हौशी डायव्हिंगची हद्द ४० मीटर, आणि तिथंसुद्धा असं डायव्हिंग करायचं की कधीही सरळ वर येता आलं पाहिजे. टेकमध्ये ती सोय नाही. खोलवर जास्त वेळ राहिलं की अंगात वायू विरघळून बसतो, तो हळूहळू बाहेर पडावा म्हणून वर येताना ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटं थांबावं लागतं, त्याला डेको म्हणतात. ते चुकवलं तर बेंड्स, म्हणजे त्या वायूचे अंगातच बुडबुडे होऊन होणारा आजार. म्हणजे डोक्यावर स्लॅब आहे, फक्त दिसत नाही.

प्रश्न : दादा, मी उद्यमनगरात सीएनसी मशीनवर असतो, वय ३१. तारकर्लीला ओपन वॉटर हा पहिला कोर्स केला, मग अंदमानात ॲडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजनवाली हवा), आत्तापर्यंत ६८ डाइव्ह झालेत. जानेवारीत टेकचा पहिला कोर्स करायचाय. एक सर म्हणतात साधा बॉटम टायमर घे, डोकं वापर, मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरनं माणूस मठ्ठ होतो. दुसरे म्हणतात टायमरचा जमाना गेला. माझी ऐपत एकदाच खर्च करायची आहे, काय घेऊ?
(उद्यमनगर, कोल्हापूर)

उत्तर : कॉम्प्युटर घे भावा. पण आदल्या रात्री बसून स्लेटवर पेन्सिलनं प्लॅन लिहायचा कंटाळा येणार असेल तर काहीच घेऊ नकोस, ते पैसे बुलेटला लाव.

बॉटम टायमर म्हणजे खोली दाखवणारं आणि वेळ मोजणारं यंत्र, बास. सगळ्यात खोल किती गेलास, सरासरी खोली किती, एक स्टॉपवॉच, आणि वर येताना लय घाई करतोयस का, एवढंच. तुझ्या अंगात नायट्रोजन किती साठलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, तो हिशेब तू घरी लॅपटॉपवर करायचा, स्लेटवर उतरवायचा आणि खाली जाऊन तसाच पाळायचा. कॉम्प्युटर तोच हिशेब पाण्यात दर काही सेकंदांनी नव्यानं मांडतो. बहुतेक टेक कॉम्प्युटरमध्ये स्विस डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान यांचं झेडएचएल-१६ नावाचं गणित असतं, ते मी गुजरीतल्या खतावणीसारखं समजतो. १६ खाती उघडलेली असतात, सगळ्यात चपळ खातं चार-पाच मिनिटांत अर्धं भरतं आणि सगळ्यात सुस्त खात्याला अर्धं भरायला ६३५ मिनिटं लागतात. प्रत्येक खात्याची उधारीची हद्द ठरलेली, कुठलंच खातं हद्दीबाहेर जाऊ नये एवढ्यासाठी तो तुला कुठं थांबायचं, किती थांबायचं ते सांगत राहतो.

टायमरवाले सर उगाच बोलत नाहीत बरं का. १९९० च्या दशकात हेलियम मिसळलेला गॅस घेऊन लोक खोल जायला लागले तेव्हा बहुतेक कॉम्प्युटरना हेलियम हा प्रकारच माहीत नव्हता, त्यांना हवा आणि फार तर नायट्रॉक्स कळायचं. मग टेबल छापायचं, लॅमिनेट करायचं आणि मनगटावर टायमर, दुसरा मार्गच नव्हता. पुढं जीयूईसारख्या (ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स) डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थांनी त्याचीच शिस्त केली, सरासरी खोलीवरून डोक्यातल्या डोक्यात डेको काढायचा. ते भारीच आहे, मी त्या लोकांना बघून थक्क झालोय, पण ती माणसं आठवड्यातून दोनदा पाण्यात असतात. आपण कोल्हापूरकर वर्षाला दोन ट्रिपा करणार, त्याही दिवाळीची सुट्टी, बायकोची रजा आणि विमानाचं तिकीट हे सगळं जुळलं तर. रोज तालमीत घुमणाऱ्या पैलवानाचा डाव जत्रेपुरता लंगोट कसणाऱ्यानं मारायला जाऊ नये. त्यात ३० मीटरच्या खाली हवेवर असलास तर नायट्रोजनची गुंगी चढते, घरी सतराचा पाढा येणाऱ्याला तिथं सात अधिक पाच सुधरत नाही.

मग मठ्ठ होण्याचं काय? ते होतंच, माझं झालंय, म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी अंदमानात आमची ४५ मीटरची डाइव्ह होती, खाली २५/२५ म्हणजे २५ टक्के ऑक्सिजन आणि २५ टक्के हेलियम, आणि वर येताना डेकोसाठी फक्त शुद्ध ऑक्सिजनची एक टाकी, ६ मीटरवर लावायची. प्रत्येक टाकीला आपापला रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र. त्याच्या आधीच्या ट्रिपला माझ्याकडं ५० टक्के ऑक्सिजनची टाकी होती. ती नोंद कॉम्प्युटरच्या गॅस लिस्टमध्ये तशीच चालू राहिली आणि मी बघितलीच नाही. तळाशी असताना वर पोचायला एकूण किती मिनिटं लागतील तो आकडा बघितला, तर स्लेटवर लिहिलेल्यापेक्षा सात-आठ मिनिटांनी कमी. पहिल्यांदा काय वाटावं? आनंद. कॉम्प्युटर हुशार, माझं गणित जरा जास्तच सावध, असं वाटलं. मग पोटात खड्डा पडला. तो बिचारा धरून चालला होता की हा गडी २१ मीटरला ५० टक्क्यांवर जाणार, आणि ती टाकी होती हॉटेलच्या मागं कॉम्प्रेसरच्या खोलीत. स्लेट धरून वर आलो, एकेक मिनिट लिहिल्याप्रमाणं काढलं. बोटीवर इन्स्ट्रक्टर, वयानं माझ्यापेक्षा लहान, एवढंच म्हणाला की घड्याळाला काय माहीत तुझ्या तोंडात कुठला रेग्युलेटर आहे.

उलटी चूक याहून वाईट. ५० टक्क्यांचा गॅस २१ मीटरपर्यंतच, कारण तिथं ऑक्सिजनचा दाब १.५५ बार होतो आणि १.६ च्या वर कुणी जात नाही. तोच रेग्युलेटर चुकून ४५ मीटरवर तोंडात घातला तर दाब पावणेतीन बारच्या घरात, त्यात झटके येऊ शकतात आणि पाण्याखाली झटका म्हणजे बुडणंच. हे कुठलाही टायमर आणि कुठलाही कॉम्प्युटर थांबवू शकत नाही. टाकीवर मोठ्या अक्षरात लिहिलेली खोली आणि शेजारी तरंगणारा जोडीदार, हे दोघं थांबवतात.

आता विकत घेताना काय बघायचं. हेलियम कळला पाहिजे, निदान तीन-चार गॅस भरता आले पाहिजेत, आणि ग्रेडियंट फॅक्टर तुला हवा तसा बदलता आला पाहिजे. हे शेवटचं महत्त्वाचं. ब्यूलमाननं आखलेली हद्द म्हणजे १००, आणि आपण तिच्या किती अलीकडं थांबायचं ते दोन आकड्यांनी सांगतो. ३०/७० लावलंस तर ३० वरून पहिला स्टॉप किती खोल ते ठरतं आणि ७० वरून पाण्याबाहेर यायची परवानगी कधी ते ठरतं. पहिला आकडा जितका लहान तितकं खोलवर थांबणं. पूर्वी खोल स्टॉप म्हणजे पुण्य असं मानायचे. मग अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग युनिटनं २०११ च्या अहवालात दाखवलं की साधारण ५२ मीटर, ३० मिनिटांच्या हवेवरच्या डाइव्हला डेकोचा एकूण वेळ तेवढाच ठेवून तो खोलात घालवला तर बेंड्स कमी नाही, जास्त झाले. तेव्हापासून बरेच लोक पहिला आकडा वर सरकवून बसलेत. तुझे कोर्सचे सर जो आकडा देतील तो लाव, पण तोच का ते त्यांना विचार, उत्तर देता आलं नाही तर सरच बदल.

काही हौशी कॉम्प्युटर एक स्टॉप चुकला की रुसतात, २४ नाहीतर ४८ तास नुसती खोली आणि वेळ दाखवतात, म्हणजे तुझ्या खिशातून कॉम्प्युटरचे पैसे गेले आणि हातात उरला टायमर. टेकला असला रुसवा नको, उलट चूक झाल्यावरच त्यानं नीट बोललं पाहिजे. गेज मोड असावा, म्हणजे वेळ पडली तर तोच टायमर होतो, फक्त काही कंपन्यांचं यंत्र गेज मोडमध्ये वापरलं की नंतर एक-दोन दिवस डेकोचा हिशेब देत नाही, मॅन्युअलमध्ये ते आधीच वाच. स्क्रीन दुकानातल्या लाइटखाली बघून भुलू नकोस, गढूळ पाण्यात मास्कच्या काचेतून हात लांब करून वाचता आली पाहिजे. तू ३१ चा आहेस, चाळीशी लागली की कळेल.

बॅटरीचं सांगतो. शिअरवॉटर कंपनीच्या पर्डिक्स या कॉम्प्युटरमध्ये एक साधा पेन्सिल सेल बसतो आणि तो कुठल्याही बेटावरच्या किराणा दुकानात मिळतो, माझ्या मते निम्मी लढाई तिथंच जिंकली. चार्जिंगवाले मॉडेल सुटसुटीत असतात, घड्याळ म्हणून लग्नातही मिरवता येतात, पण लाइट गेली की बोटीवर हात चोळत बसायचं. टाकीचा दाब मनगटावर दाखवणारा ट्रान्समीटर घ्यायचा तर घे, माझ्याकडं आहे, पण पितळी गेज काढू नकोस. सिग्नल जातो कधीकधी आणि तो नेमका नको तेव्हाच जातो.

राहिला बॅकअप. टेकमध्ये एकाच यंत्रावर जाणं नाही. परवडलं तर दोन कॉम्प्युटर, दोन्हीत गणित तेच, आकडे तेच, गॅस तेच, नाहीतर एक म्हणतो तीन मिनिटं राहिली, दुसरा म्हणतो नऊ, आणि तू मध्ये लटकलेला. नाही परवडलं, आणि पहिल्या वर्षी कुणालाच परवडत नाही, तर दुसऱ्या मनगटावर साधा टायमर आणि खिशात स्लेट. स्लेटवर ठरलेला प्लॅन, त्याच्या खाली तीन मीटर जास्त खोल आणि पाच मिनिटं जास्त वेळ झाला तर काय, आणि सगळ्यात खाली डेकोची टाकी हरवली तर काय. म्हणजे तुझ्या दोन्ही सरांचं ऐकल्यासारखं होतंय, पण ते माझ्या लक्षात आत्ता लिहिताना आलं.

प्रश्न : मुलानं पहिल्या पगारात महागडं स्मार्टवॉच घेतलंय, ॲपल वॉच अल्ट्रा. तो म्हणतो यात डाइव्ह कॉम्प्युटर आहे, आता वेगळं काही लागत नाही. मला यातलं ओ का ठो कळत नाही, पण तो आता 'टेक' करणार म्हणतोय आणि मला झोप येत नाही.
(राजारामपुरी)

उत्तर : काकू, घड्याळ चांगलं आहे आणि पोरगंही खोटं बोलत नाही, त्यात खोली कळते आणि ॲप टाकलं की हौशी डाइव्हचा कॉम्प्युटर होतो. पण त्याची हद्द ४० मीटरची, आणि टेक सुरूच होतं तिथून पुढं, शिवाय डेकोचे स्टॉप घेत वर यायला ते बनवलेलंच नाही. मालवणला, गोव्याला खुशाल वापरू दे. टेकच्या कोर्सला ते घेऊन गेला तर सर पहिल्याच दिवशी काढून ठेवायला सांगतील, त्यामुळं भांडण तुम्ही करू नका, ते काम सरांवर सोडा. आणि एक गोष्ट त्याला नक्की विचारा, की टेकच्या आधी किती डाइव्ह झाल्या? उत्तर वीस-पंचवीस आलं तर झोप न येणं बरोबर आहे.

प्रश्न : मालवणला दोन दिवसांत चार डाइव्ह केल्या, शेवटची दुपारी बाराला संपली आणि संध्याकाळी आंबोलीतून गाडीनं घरी आलो. कॉम्प्युटरवर विमानाचं चिन्ह आणि त्यावर काट मारलेली दिसत होती. मी विमानात नव्हतोच, तर ते गाडीला लागू होतं का? मित्र हसतात.
(गडहिंग्लज)

उत्तर : मित्रांना हसू द्या, प्रश्न एक नंबर आहे, आणि समुद्रसपाटीवर राहणाऱ्याला तो सुचणारच नाही, घाटावरच्यालाच सुचणार.

अंगातल्या नायट्रोजनला आपण विमानात आहोत का लाल डब्यात हे कळत नाही, त्याला फक्त बाहेरचा दाब कमी झालेला कळतो. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या संस्थेच्या सूचना आहेत, डाइव्ह संपल्यापासून विमानात बसेपर्यंत किती थांबायचं त्याच्या, एकच साधी डाइव्ह असेल तर १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर १८ तास, आणि डेकोची डाइव्ह असेल तर १८ पेक्षा बऱ्यापैकी जास्त, म्हणून टेकवाले सरळ २४ धरतात. हे आकडे साधारण ६०० ते २४०० मीटर उंचीइतक्या दाबासाठी आहेत. आंबोली आहे ६९० मीटरच्या आसपास, म्हणजे तुम्ही त्या पट्ट्यात शिरलात, खालच्या काठाला का होईना. दाब समुद्राकाठी १.०१ बार, आंबोलीत अंदाजे ०.९३. फरक विमानाइतका मोठा नाही आणि मालवणच्या आठ-दहा मीटरच्या डाइव्हला अंगात साठतंही कमी, त्यामुळं तुम्हाला काही झालं नाही यात नवल नाही. पण उद्या तुम्ही ३० मीटरच्या चार डाइव्ह करून त्याच सवयीनं गाडी हाणाल, ती सवय मोडा. दुपारी बाराला संपली तर अठरा तास म्हणजे पहाटे सहा. रात्री मालवणातच सुरमई खा, सोलकढी प्या, झोपा, सकाळी निघा. फोंडा घाट, गगनबावडा, कुठूनही आलात तरी चढ हा चढच.

आणि डाइव्हनंतर खांदा-कोपर-गुडघा दुखायला लागला, हातापायाला मुंग्या आल्या, तर 'घरी जाऊन बघू' करायचं नाही. घाट चढायचाच नाही, ऑक्सिजन लावायचा आणि डायव्हिंगमधलं कळणाऱ्या डॉक्टरला फोन. बाम चोळून बेंड्स जात नाहीत, चोळलेला माणूस मी बघितलाय.

प्रश्न : जुना बॉटम टायमर एकाकडून घेतलाय, वापरलेला, स्वस्तात पडला. बरोबर दाखवतो का ते समुद्रावर न जाता कसं तपासायचं?
(कागल)

उत्तर : विहीर आहे का? कागलात आहात म्हणजे असणार.

आधी घरातल्या घरात. झाकण उघडत असेल तर उघडून ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, बघा, केसाएवढी चीर किंवा एखादा खरंच केस अडकला असेल तरी पाणी आत जातं. रिंग बदला, सिलिकॉन ग्रीस बोटानं अगदी पुसटसं लावा, पराठ्याला लावल्यासारखं नको. झाकण उघडतच नसेल तर बॅटरी कंपनीकडूनच बदलून घ्यावी लागेल, त्याचा खर्च आणि पाठवायचा ताप धरला तर स्वस्तातला टायमर बऱ्याचदा स्वस्त राहत नाही. पट्टा जुना असेल तर टाकून द्या आणि बंजीची दोरी ओवा, दोन वेगवेगळ्या ओवा, एक तुटली तरी यंत्र हातात राहतं.

मग विहीर. न ताणणारी दोरी घ्या, टेपनं मोजून दर मीटरला गाठ मारा, खाली दगड, दगडाच्या वर टायमर. मीटर टायमरपासून मोजायचे, दगडापासून नाही, पहिल्यांदा मी तिथंच चुकलो. दहावी गाठ पाण्याच्या पातळीला येईपर्यंत सोडा, दोन मिनिटं धरा, वर घ्या आणि सगळ्यात जास्त खोलीचा आकडा वाचा. ९.७ आला तर घाबरू नका, तो बरोबर आहे. बहुतेक टायमर खाऱ्या पाण्यावर बेतलेले असतात, खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच-तीन टक्के जड, म्हणून विहिरीत तो थोडं कमीच दाखवणार. साडेनऊच्या खाली आला तर मात्र आणखी एक गोष्ट बघा. तुमचा टायमर चालू होताना तिथल्या हवेचा दाब शून्य धरतो का कायम समुद्रकाठचाच धरून बसतो? दुसऱ्या प्रकारचा असेल तर आपल्याकडं साडेपाचशे मीटर उंचीवर तो आणखी साठ-पासष्ट सेंटिमीटर खातो आणि ९.१ दाखवतो, त्यात बिघाड काही नाही. तिसऱ्या, सहाव्या, दहाव्या गाठीला वेगवेगळं सोडून बघा, गोड्या पाण्याचा तो अडीच-तीन टक्क्यांचा फरक धरून उरलेली चूक सगळीकडं सारखी असेल तर चालतं, कुठं जास्त कुठं कमी असेल तर परत करा. सोबत मित्राचा कॉम्प्युटर त्याच दोरीला बांधलात तर काम सोपं, पण गाठ तुमच्या हातची असेल तर मित्राला आधी सांगू नका.

स्वतः मात्र टाकी लावून विहिरीत उतरायचं नाही. मुटका मारायचा तेवढा मारा. मी हे सगळं मामाच्या मळ्यात केलं तेव्हा शेजारच्या रानातले एक आजोबा तासभर काठावर उकिडवे बसून बघत होते, दोरी खाली, दोरी वर, वहीत लिहायचं, परत खाली. शेवटी मी आवरायला लागलो तर म्हणाले, "आज लागंना जणू. उद्याच्याला कणीक लावून बघ."